धुळ्याच्या जावयाला आणायला

माझ्या सासऱ्यांनी मला फसवलं. लग्नाआधी आमच्यात सौदा ठरला होता. माझ्या वाटणीचं मी सगळं केलं, त्यांनी त्यांच्या वाटणीचं केलं नाही. हे तोंडानं सांगायला गेलो की माझा आवाज चढतो. मग लोक माझ्या आवाजावर बोलत बसतात, सौद्यावर कोणी बोलत नाही. म्हणून लिहून काढतो आहे.

मी नेपाळचा. जळगावला आलो तो एका कॉलनीत रखवाली करणाऱ्या चुलत्याच्या मागे. रखवाली मला जमली नाही, कारण रखवालदाराला दिवसभर "हो साहेब" म्हणावं लागतं. हॉटेलात कपबशा धुतल्या, मग काळी-पिवळी जीपच्या मागच्या दाराला लटकून सीट ओरडलो, मग दुसऱ्याची जीप चालवली, मग जुनी का होईना स्वतःची घेतली. जळगाव-एरंडोल, कधी पारोळा, सीट मिळाली तर थेट धुळे. चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीच्या फेऱ्या. मराठी मी त्या जीपमध्येच शिकलो. स्टँडावर आपला नंबर लागेपर्यंत इतका वेळ जातो की पेपर पहिल्या पानापासून जाहीर नोटिशीपर्यंत वाचून होतो. अहिराणी मात्र प्रवाशांनी शिकवली, भाव करता करता.

"एरंडोलना कितला लेशी?"

"बठ्ठास्कडनं लेस तितलाच." म्हणजे सगळ्यांकडून घेतो तेवढंच.

"तू तं नेपाळी शे ना? नेपाळी लोके स्वस्तात काम करतस."

"मंग नेपाळले जाय. तठे स्वस्त सीट भेटी."

जीप हसायची. तो माणूसही हसत हसत चढायचा आणि पूर्ण भाडं द्यायचा. भाव करण्यात मला आजवर एकाच प्रवाशानं हरवलं. ती एक बाई होती. तिच्याजवळ दोन पिशव्या आणि शिलाई मशीन होतं. मी मशीनची वेगळी सीट मागितली. ती म्हणाली, "मशीनवर मीच बसते. मग सीट माझी धरा नाहीतर मशीनची." आणि खरंच मशीनचं लाकडी खोकं सीटच्या जागी ठेवून एरंडोलपर्यंत त्यावर बसून आली. ती आज माझी बायको आहे.

तिचे वडील दर शनिवारी जळगावला जायचे, माझ्याच जीपनं, माझ्या शेजारच्या सीटवर. गाव एरंडोलपासून आत तीन किलोमीटर, कापसाची शेती, दोन मुली, मुलगा नाही. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो. मोठी मुलगी धुळ्याला दिली होती, नवरा सरकारी कचेरीत. धाकटी पहिल्या नवऱ्याकडून दोन वर्षांत परत आली होती आणि आता कोणाच्या घरी नांदायला जाणार नाही म्हणत होती. आबांना घरात येऊन राहणारा जावई हवा होता. जातीतला कोणी तयार होईना. दीड वर्ष शेजारी बसून त्यांनी मला नीट पारखलं, आणि एका शनिवारी एरंडोलच्या चहाच्या टपरीवर सरळ विचारलं.

मी सौद्याला बसलो. हुंडा नको, अंगठी नको, शेताच्या उताऱ्यावर नाव नको. तुमच्या घरी राहीन. बायकोला नेपाळला नेणार नाही. तुमच्या म्हातारपणाला गाडीसकट हजर असेन. त्यांनी विचारलं, मग तुला काय पाहिजे? मी म्हणालो, "धुळ्याच्या जावयाला जे पान वाढाल तेच मला वाढायचं. नेपाळी म्हणून कमी नाही, घरात राहतो म्हणून कमी नाही."

आबांनी माझ्या तळहातावर तळहात मारला. "दिधा शब्द."

तिकडे माझी आई सुनेची वाट पाहत होती. आमच्या डोंगरात सासरा जावयाच्या पायाला हात लावतो, सासूही लावते. मी इथे तेवढंही मागितलं नव्हतं. आईला फोनवर सांगितलं की सून येणार नाही, मीच अधूनमधून येईन. आठ वर्षांत एकदा गेलो, आई वारली तेव्हा. म्हणजे माझ्या बाजूनं मी काय मोजलं ते कळावं.

सासरी राहणं वाईट नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. सासूला सगळे अक्का म्हणतात. अक्का मला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणाल्या आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तेल-तिखट घालून पुढ्यात ठेवलं. खापरावरची पुरणपोळी कशी हातावर पसरतात ते मला त्यांनीच दाखवलं. माझी पहिली पोळी चुलीत पडली तेव्हा "आते हाई नेपाळले धाडी दे" म्हणाल्या. अक्कांच्या गुडघ्यासाठी महिन्यातून दोनदा जळगावचा दवाखाना, आबांचं बियाणं, खत, कोणाचं लग्न, कोणाचं सुतक, सगळीकडे माझी जीप. नंबर सोडून जायचो. स्टँडवाले विचारायचे, "काय भो, सासऱ्यांचा ड्रायव्हर झाला का?" मी म्हणायचो, जावई आहे. तेव्हा ते म्हणताना मला खात्री होती.

खात्रीला पहिला तडा आखाजीला गेला. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. पितरांच्या नावानं घागर पुजायची असते आणि ते काम घरच्या पुरुषाचं. त्या वर्षी आबा बांधावरून पडले होते, पाय प्लास्टरमध्ये, पाटावर बसता येईना. मी सकाळी आंघोळ करून, धोतर नेसून तयार झालो. आबांनी बाजेवरूनच सांगितलं, "पुतण्याले बलाई ल्या. आमनामा जवाईना हातनी घागर चालत नही."

मला राग आला नाही. खोटं कशाला लिहू, बरंच वाटलं. चारचौघांत त्यांनी मला जवाई म्हटलं होतं. पुतण्याला आणायला मीच गेलो, जीप घेऊन.

मग अधिक महिना. करोनाच्या वर्षी जो आला त्यात कोणीच कोणाकडे गेलं नाही, तो मी सोडून देतो. त्यानंतरचा तीन वर्षांनी आला, पावसाळ्यात. अधिक महिन्यात मुलगी-जावयाला धोंडं खायला बोलवायचं, पाय धुवायचे, ताटात तेहतीस अनारसे ठेवून त्यावर दिवा लावून वाण द्यायचं, हे मी आठ-दहा वर्षं प्रवाशांच्या मांडीवरच्या डब्यांत पाहत आलो होतो. अक्कांनी तांदूळ भिजवले, कुटले, गुळात कालवले. बायकोनं माझा पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला. आदल्या दिवशी मी डब्यात डोकावलो. अनारसे तेहतीस होते, आणि दोन मोडके. भाव करून जगणाऱ्या माणसाला तेवढ्यावरून कळायला हवं होतं. मी मनाला सांगितलं, पीठ उरलंय, आमचे उद्या तळतील.

आबा म्हणाले, "सकाये धुळ्याले जाय. जवाईले लई ये. येताना सीट भरू नको, जवाई शे गाडीमा."

जाताना मी सीट भरल्याच. येताना रिकामी जीप घेऊन साडूंच्या दारात उभा राहिलो. साडू भला माणूस आहे. बायकोसोबत मागच्या सीटवर बसले, मी पुढे या म्हटलं तर "नको हो, पुढे तुमचे पेपर पडलेत" म्हणाले. गाडी निघाल्यावर मेव्हणी म्हणाली, "मीटर नाही लावलं?" साडू म्हणाले, "लावू नका भाऊ, नाहीतर धोंड्याचा सदरा तुम्हालाच द्यावा लागेल."

असे हसत खेळत आम्ही पारोळा ओलांडला. मग साडूंनी सहज विचारलं, "तुमचं वाण चांगलं झालं ना परवा?"

"कोणतं वाण?"

"धोंड्याचं. आबांनी फोनवर सांगितलं, तुमचं आटोपून घेतलं. एकाच दिवशी दोन जोडपी नकोत म्हणे."

पुढे ट्रक होता, तो ओलांडला. साडूंनी आरशात माझा चेहरा पाहिला असावा, कारण पुढचा पेपर मागे ओढून घेऊन ते एरंडोलपर्यंत वाचत बसले.

घरी पंधरा-वीस माणसं जमली होती, भाऊबंद, शेजारी. दोन पाट मांडलेले, भोवती रांगोळी. आबांनी साडूंचे पाय धुतले, धोतराच्या सोग्यानं पुसले. अक्कांनी माझ्या हातात तुपाची वाटी दिली. "तू वाढाले लाग बरं, तुना हात चालतस."

मी वाढलं. साडूंच्या पुरणपोळीवर तूप घातलं. ते खाली मान घालून बसले होते. दुसऱ्या पाटावर मेव्हणी. माझी बायको दारात, कुरडयांचं ताट घेऊन. मग मी तुपाची वाटी रांगोळीवर ठेवली आणि विचारलं, "आबा, माझं धोंडं कोणत्या दिवशी झालं?"

आबांनी न ऐकल्यासारखं केलं. मी पुन्हा विचारलं, आणि तेव्हा माझा आवाज गल्लीत गेला, हे मला मान्य आहे.

आबा हसले. माणसांकडे पाहून म्हणाले, "घरना माणूसनं कोन धोंडं करस रे? तू काय जवाई शे का? तू तं मना आंडोर शे."

आंडोर म्हणजे मुलगा. जमलेल्यांनी माना हलवल्या. एक म्हातारी तर डोळे पुसायला लागली. किती मोठ्या मनाचा माणूस, नेपाळ्याला पोटचा पोरगा म्हणतो. त्या क्षणी मला भांडणाऱ्याची भूमिका घ्यावी लागली आणि त्यांना देवमाणसाची. असा सौदा मी स्टँडावर कोणाला करू दिला नसता.

मी विचारलं, "आंडोर आहे ना? मग आखाजीला घागरीवर पुतण्या का बसला? तेव्हा मी जवाई होतो. घागर पुजायची तेव्हा जवाई आणि पाय धुवायचे तेव्हा आंडोर? आणि साडूंना फोनवर झालं म्हणून का सांगितलं?"

"पाव्हनासमोर तमाशा करू नको," आबा म्हणाले. एवढंच. घागरीचं नाही, फोनचं नाही. पुतण्या तिथेच होता, तो कोंबड्या हाकलायला बाहेर गेला.

साडू पाटावरून उठायला लागले. आबांनी त्यांचा खांदा धरून बसवलं. मी जीप काढली आणि स्टँडावर जाऊन नंबर लावला. संध्याकाळपर्यंत तीन फेऱ्या मारल्या आणि त्या दिवशी कोणाशीही भाव केला नाही.

घरी आलो तर बायको ओट्यावर अनारशाच्या मोडक्या तुकड्यांची वाटी घेऊन बसली होती. मी तिला म्हणालो, तू का नाही बोललीस? वाण तुझंही होतं. ती म्हणाली, "पहिल्या लग्नात मला वाण मिळालं होतं. तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा. त्या माणसानं दिवा विकला." मग वाटी पुढे सरकवून म्हणाली, "तुम्हाला पाहिजे तर भांडा. मी अडवत नाही. पण माझ्या नावानं भांडू नका."

तिचं बरोबर आहे. मी माझ्या नावानं भांडतो.

आबांनी तो विषय परत काढला नाही. मी काढला की ते रेडिओ मोठा करतात. अक्कांनी दोनदा मला एकट्याला पाटावर बसवून पुरणपोळी वाढली, साधा सोमवार पाहून, दार लोटून. मी जेवलो, कारण अक्कांशी माझा सौदा नव्हता. पण ते धोंडं नव्हे. धोंडं चारचौघांत होतं. मला जे नाकारलं तेही चारचौघांतच.

शनिवारी ते अजून माझ्या शेजारच्या सीटवर बसतात. जळगावहून परतताना मी त्यांना एरंडोलला टपरीसमोर उतरवतो, तीच टपरी. काठी सांभाळून उतरतात आणि "सांभायीसन चालाव" म्हणतात. मी त्यांचं भाडं कधी घेतलं नाही आणि घेणारही नाही. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मी बायकोला घेऊन केव्हाच निघालो असतो आणि हे लिहावं लागलं नसतं.

यंदा आखाजी आधी येते आहे आणि तिच्या मागोमाग अधिक महिना. दोन्ही एकाच उन्हाळ्यात. आबांचा गुडघा आता वाकत नाही, घागरीवर दुसऱ्या कोणाला तरी बसावंच लागेल. आणि धुळ्याहून साडूंना आणायला कोणाला तरी जावंच लागेल. या वेळी मी विचारल्याशिवाय दोन्ही होऊ देणार नाही.

आबा, तुम्ही वाचता, चष्मा लावून पेपर वाचता, हेही वाचाल. आखाजीला भाऊबंदांसमोर मला घागरीवर बसवा, मग मी तुमचा आंडोर आणि धोंड्याचं नाव काढणार नाही. नाहीतर अधिक महिन्यात दोन पाट साडूंचे आणि दोन आमचे मांडा, त्याच माणसांसमोर. दोन्हींतलं एक. दोन्ही नाही म्हणायचं असेल तर तेही त्याच माणसांसमोर म्हणा, आणि साडूंना फोन करून सांगा की त्या वेळी झालं म्हणून सांगितलेलं आमचं धोंडं कधी झालंच नव्हतं. टपरीवर माझ्या तळहातावर हात तुमचाच पडला होता. आता सांगा, मी तुमच्या घरात कोण आहे? उत्तर मिळेपर्यंत धुळ्याच्या जावयानं एसटीनं यावं.