दादाच्या ड्रमचा माईक

सकाळपासून दोन जाहिराती उरकून तिचे गुडघे बोलायला लागले होते. त्या तळघरातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बाहेर ऊन आहे की ढग, हे तिला येणाऱ्यांच्या कपड्यांवरून कळायचं. आज तिचा थोरला भाऊ यायचा होता. त्याच्या जुन्या बँडचं नवं गाणं होतं आणि ड्रमवर दादा. आजारपणात उजवं अंग लुळं पडल्यानंतर तो पहिल्यांदाच वाजवणार होता.

तो आला, काठी भिंतीला टेकवली, स्टुलावर बसला आणि पेडलवर पाय ठेवला.

"बघतेस काय? माईक लाव."

पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी ती नेहमी एकच माईक वापरायची. मुठीएवढा, जड, ड्रमच्या पुढच्या भोकातून आत उशीवर ठेवायचा. ठोका पडला की ऐकणाऱ्याच्या छातीत धक्का बसायचा. तिने तोच लावला आणि काचेमागे जाऊन हेडफोन चढवले.

त्या माईकला दयामाया नव्हती. एक ठोका दणदणीत, पुढचा पोचट, तिसरा येता येता राहिलेला. दादाचा पाय कुठे अडतो ते सगळं चव्हाट्यावर.

ती बाहेर आली. "हा आज खरखर करतोय. दुसरा बघू."

दुसऱ्यात पेडलची स्प्रिंगच कुरकुरायला लागली. तिसरा तिने कपाटातून काढला, गायकांसाठीचा, नाजूक. ड्रमच्या आत ठेवला असता तर त्याने मानच टाकली असती. तो तिने हातभर लांब, जरा तिरका उभा केला. आता खोलीचा घुमारा ठोक्यांमधल्या फटी भरून काढत होता.

दादाने ते आपल्या हेडफोनवर ऐकलं. मग हेडफोन काढत म्हणाला, "पहिला खरखर करत नव्हता ना?"

ती वायर गुंडाळायला लागली.

"लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही, छोटे. लाव तोच."

"कशाला जिवाला लावून घेतोस, दादा? हापण छान वाजतोय."

"तो वाजतोय. मी नाही."

तिने मुकाट्याने पहिला माईक पुन्हा आत ठेवला. वाकताना कंबरेत कळ आली. दादा वाजवायला लागला, अडला, पुन्हा लागला. शर्ट घामाने भिजला. कोपऱ्यात बसलेला बँडचा गिटारवाला तोंड उघडणार तोच तिने डोळे वटारून त्याला गप्प केलं. शेवटी दादाने स्टिक्स मांडीवर ठेवल्या.

"डोक्यात वाजतं ते पायात उतरत नाही गं."

तिने त्याला पाणी दिलं आणि शेजारी जमिनीवरच बसली.

"दोन्ही लावू या?" तिने विचारलं. "आतलापण, लांबचापण. कुठला किती घ्यायचा ते तू माझ्याशेजारी बसून ठरव."

"म्हणजे भांडायला आणखी एक दिवस!"

"मग? तुला कुठे गाडी पकडायचीय?"

तो कसनुसा हसला. दोन्ही माईक लावून गाणं एकदाचं पार पडलं.

पुढच्या आठवड्यात तो खरंच येऊन बसला. "आतला कमी कर. अजून. थांब, एवढा राहू दे," म्हणाला. शेवटच्या कडव्याआधीचा एक पोचट ठोका तसाच राहिला. तिने विचारलं नाही, त्यानेही काढ म्हटलं नाही. मग बोलता बोलता त्याला खुर्चीतच डुलकी लागली. तिने आवाज बारीक केला आणि राहिलेलं काम एकटीनेच पुरं करायला घेतलं.