वानुआतूला जाण्यासाठी धायरीची बस

ज्या देशांत मी कधी पाऊल ठेवले नाही, त्यांच्याविषयीच मी या अनुदिनीत आजवर लिहीत आलो. माझ्याकडे पासपोर्ट नाही. कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत बसून, लघुलहरींच्या रेडिओवर कान लावून जेवढे जग ऐकू आले तेवढेच माझे भ्रमण. तिथली गाणी, तिथली मंत्रिमंडळे, ती कोसळली की वाजणारी लष्करी वाद्ये, हे सारे आपण वाचकांनी अगत्याने वाचलेत. आज मात्र मी खरोखर केलेला प्रवास सांगतो. तो बारा-तेरा किलोमीटरांचा आहे आणि तो करायला मला चाळीस वर्षे लागली.

नव्या वाचकांसाठी आमच्या छंदाची रीत सांगतो. दूरदेशीचे केंद्र लागले की वेळ, गाणी, घोषणा, आवाजाची स्पष्टता हे सारे टिपून त्या केंद्राला अहवाल पाठवायचा. तपशील जुळले तर तिकडून एक चित्रकार्ड येते. त्याला आम्ही पोचपत्र म्हणतो. नियम एकच : जे स्वतःच्या कानांनी ऐकले तेवढेच लिहायचे. माझ्या मते हा नियम अस्तेयव्रताइतकाच कडक आहे. चौर्य केवळ हातांनीच होते असे शास्त्रही म्हणत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी धायरीहून फोन आला. माझे जुने श्रवणमित्र सोपानराव यांच्या सूनबाई, रेखाताई, बोलत होत्या. सोपानरावांचा उजवा कान पूर्वीच गेला होता. आता डावाही मंदावतो आहे असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्या सहज म्हणाल्या, "काका, बाबांशी बोलायचं असेल तर लवकर येऊन जा. अजून यंत्र लावून ऐकू येतं त्यांना."

फोन ठेवल्यावर मी डबा उघडला. त्यात माझी शंभर पोचपत्रे आहेत. शंभरावे, आणि शेवटचे, वानुआतूचे : निळा समुद्र, नारळ, मागे ज्वालामुखी. ते माझे नाही, हे या जगात मी एकटाच जाणतो असा माझा समज होता. पत्र लिहून कळवता आले असते. परंतु जे कानांचे नेले ते कानांनाच परत द्यावे, आणि ते ऐकू येत आहे तोवरच, असे वाटले.

बुधवारी स्नानसंध्या आटोपून निघालो. धायरीची बस स्वारगेटहून मिळते. सकाळी साडेनवाच्या पुढे गेलात तर बसायला जागा मिळते. तिकीट वडापावाच्या किमतीत येते. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी बस धायरीलाच जाते ना, असे विचारले. वाहक तिकीट फाडत म्हणाले, "पाटी आम्ही शोभेला लावलेली नाही, साहेब."

शेजारी एक तरुणी बसली होती. तिला कोरियातल्या गायकांचे वेड. हिंजवडीतल्या कचेरीत अर्धा विभाग तेच ऐकतो, असे तिने सांगितले. भाषा कळते का, असे मी विचारले. कळत नाही, पण ऐकावेसे वाटते, असे तिचे उत्तर. मला माझाच सहाध्यायी भेटल्यासारखे झाले. मी सोबत घेतलेले वानुआतूचे कार्ड दाखवले. तो देश खरा आहे का, अशी तिला शंका आली. मग मी तिला सांगितले की स्वातंत्र्यापूर्वी तिथे इंग्रज आणि फ्रेंच एकाच वेळी राज्य करीत. दोन कायदे, दोन पोलीस, दोन तुरुंग, आणि निर्णय कुणाचाच नाही.

"काका, म्हणजे कोअ‍ॅलिशन गव्हर्नमेंट," ती म्हणाली आणि वडगावच्या थांब्यावर उतरली. इतके नेमके राजकीय भाष्य मला गेल्या वर्षभरात सुचलेले नाही.

सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाखालून बस हळूहळू सरकत होती, आणि मला तो जुना शनिवार आठवत होता. तेव्हा मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की धायरी गाठायचो. सोपानरावांच्या विहिरीजवळच्या आंब्याला आम्ही तांब्याची तार बांधली होती. पेठेत विजेच्या खरखरीमुळे जे कधी लागत नसे ते तिथे शेतात लागे. त्या दिवशी पाच वाजल्यापासून वानुआतू शोधत होतो. नुसती खरखर. माझी संध्येची वेळ होत आली, परतीची बस होती, मी निघालो. मी गेल्यावर वीस मिनिटे आवाज स्वच्छ आला.

सोमवारी सोपानराव मंडईत भाजी उतरवून माझ्याकडे आले आणि मराठीत टिपलेला कागद त्यांनी दिला : गिटार, बारीक आवाजातली गाणी, प्रार्थना, देशाचे नाव दोनदा, शेवटी राष्ट्रगीत. त्यांना इंग्रजी लिहिता येत नसे. त्यांचे अहवाल मी लिहीत असे, खाली सही त्यांची. त्या वेळी माझी नव्व्याण्णव पोचपत्रे झाली होती. मी अहवाल लिहिला आणि खाली माझे नाव घातले. कार्ड आले. आमच्या रेडिओ श्रोता मंडळाने शंभरीबद्दल मला शाल-श्रीफळ दिले. सोपानरावांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या नावाने पाठवलेला अहवाल टपालात गहाळ झाला असावा, असेही मी त्यांना सांगितले होते.

धायरीच्या शेवटच्या थांब्यापुढे रिक्षा करावी असे मला सर्वांनी सुचवले होते. मी चाललो. पाऊण तास लागला. उन्हाळ्यात हे करू नये. वाटेत उसाचा रस थंड आणि बिनबर्फाचा मिळाला. जिथे आंबा होता तिथे आता सात मजली इमारत आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्याच शेताच्या वरती, सोपानराव राहतात.

रेखाताईंनी दार उघडले. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. बाबांना त्याशिवाय नीट ऐकू येत नाही, म्हणाल्या. सोपानराव खुर्चीत बसले होते. यंत्र लावलेला डावा कान त्यांनी माझ्याकडे केला. मी त्यांच्या हातात कार्ड ठेवले आणि सारे सांगितले. मध्ये एकही संस्कृत शब्द येऊ दिला नाही.

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले.

"चाळीस वर्सं लागली गुरुजी धायरीला यायला? बस तर दर वीस मिन्टानं हाय."

मी हात जोडले.

"मला तवाच कळलं हुतं," ते म्हणाले. "सही घ्यायला तुमी आलाच न्हाई."

एवढी साधी गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. मी विचारले की मग बोलला का नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे बोट केले. तिथे त्यांची स्वतःची पोचपत्रे दोऱ्याने बांधून ठेवलेली होती.

"ती बासष्ट हायती. त्यासाठी धाडलेल्या एकाबी पत्रातलं अक्षर माझं न्हाई. मंग ती कुणाची म्हनायची? राग आला हुता. वरीसभर आलो न्हाई मी तुमच्याकडं, ध्यानात हाय? मंग मोजलं. बासष्टाला एक."

रेखाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "बाबा, मला ही गोष्ट कधी सांगितली नाहीत," त्या म्हणाल्या. सोपानरावांना ते ऐकू गेले नाही.

मी म्हणालो, हिशोब असा फिटत नाही; कार्ड तुमचेच, ते इथेच राहील. ते त्यांनी मानले. त्यानंतर मला जे मागावेसे वाटले ते मागताना संकोच झाला. मी म्हणालो, "सोपानराव, त्या दिवशी मी निघून गेलो होतो. काय वाजलं होतं, ते मला माहीतच नाही."

त्यांनी कार्ड मांडीवर ठेवले. मग खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला आणि नाकातून, बारीक स्वरात, गुणगुणू लागले. शब्द नव्हते. वर चढत जाणारी, मध्येच हसल्यासारखी तुटणारी चाल. दोन गाणी झाली. प्रार्थनेला त्यांनी डोळे मिटले. राष्ट्रगीताला उठायला बघत होते, रेखाताईंनी धरले. मीही उभा राहिलो.

"आता तर मला बी भाईरचं फारसं ऐकू येत न्हाई गुरुजी," बसल्यावर ते म्हणाले. "हे मातर आत वाजतंय."

जेवायला पिठले, भाकरी, भात आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. इतके रुचकर अन्न मी अलीकडे खाल्लेले नाही. साडेतीनच्या बसने परतलो. दिवेलागणीच्या आत घरी होतो.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावून जुनी श्रवणवही काढली. वानुआतूच्या नोंदीवर रेघ मारली. खाली नवी नोंद केली : ठिकाण धायरी, वेळ दुपारी बारा, दोन गाणी, प्रार्थना, राष्ट्रगीत. स्पष्टता उत्तम. व्यत्यय : कुकरच्या तीन शिट्ट्या. मग नियमाप्रमाणे अहवाल लिहिला, या वेळी मराठीत, आणि सोपानरावांच्या पत्त्यावर टाकला.

या प्रवासाचे फलित काय, असे कुणी विचारेल. पाप धुतले गेले असे मी म्हणणार नाही. ते ठरवणारा मी नव्हे. ज्याचे मी चोरले, त्यानेच मला ते ऐकवले, एवढी कृपा पदरात पडली आणि ती मला पुरते.

काल पोस्टकार्ड आले. डब्यात आता पुन्हा शंभर आहेत. अक्षर मोठे, थरथरते, ओळी खाली उतरलेल्या : अहवाल मिळाला, तपशील जुळले, तुम्ही आमचेच केंद्र ऐकले. आणि खाली त्यांची सही.