मिरवणुकीचं ट्यूनिंग

आप्पा गेले तेव्हा गाडी चालूच होती.

गेल्या वर्षीच्या भीमजयंतीची मिरवणूक संपवून ते घरी आले. अंगणात अँबॅसिडर उभी केली, ओट्यावर टेकले, आईकडे पाणी मागितलं.
आई तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा माझे वडील संपले होते आणि इंजिन घुमत होतं.

चावी मी फिरवली. तो आवाज मात्र अंगणातून काही गेला नाही.

काल वर्ष झालं. काल लिहायची हिंमत नव्हती. आज सकाळी जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आप्पा साखर कारखान्यात ड्रायव्हर होते. ही पांढरी अँबॅसिडर तेव्हा चेअरमनसाहेबांची. साहेब मागे, आप्पा पुढे, अख्खा शिरूर-दौंड पालथा घातलेला.
पुढे कारखान्यानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या आणि आप्पांनी हट्टानं हीच घेतली.

तेव्हापासून न्हावऱ्यात आमच्या वस्तीची मिरवणूक ट्रॅक्टरवरून निघायची बंद झाली. गाडीच्या टपावर फोटो, बॉनेटला निळा झेंडा, स्टिअरिंगवर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले आप्पा.
ती ताठ मान बघायला हवी होती तुम्ही! चेअरमनसुद्धा कधी एवढ्या ऐटीत बसले नसतील.

पण मिरवणूक चालते मुंगीच्या पावलानं. पुढे बँजो, पोरं नाचतायत, वर एप्रिलचं ऊन. जुनी गाडी अशात हमखास बंद पडते.
आणि वर फोटो असताना गाडीला धक्का मारायची वेळ येणं म्हणजे आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं.

म्हणून आदल्या दिवशी बॉनेट उघडायचं आणि कार्बोरेटरचे दोन स्क्रू फिरवायचे. एक हवेचा, एक पेट्रोलचा. याला ते "मिरवणुकीचं ट्यूनिंग" म्हणायचे.

मला गाडी शिकवली तेव्हा आधी कार्बोरेटर खोलून दाखवला होता. (लायसन्स नंतर. आमच्याकडे सगळं असंच.)

"आपल्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा अस्तो का न्हाई? तसाच ह्यो फ्लोट. पेट्रोल रेषंला आलं का वाट बंद."

"मग इंजिनात कसं जातं?"

"हवा नेती. नळी हितं बारीक केलीय बघ. इंजिन हवा वढतं, हितं ती जोरात पळती, आन् जाता जाता ह्या जेटमधनं पेट्रोल वढून नेती. भोक जेवढं, तेवढंच."

"म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल सुटतं असं नाही?"

"न्हाई गं. आपण निस्तं हवंचं दार उघडतो. पेट्रोल तिच्या मागनं येतं. मिरवणुकीत त्ये दार जरा किलकिलं ठिवायचं, पेट्रोल जरा जास्त. पाय लावायचाच न्हाई. गाडी आपल्या आपण चालली पायजे."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू परत जागेवर. इंजिनचा आवाज खाली यायचा, शांत व्हायचा.
तेवढ्यात आतून आई विचारायची, "आली का मिरवणूक घरी?"
आप्पा म्हणायचे, "आली." मग चहा.
त्या दोघांचा एवढाच काय तो रोमान्स मी पाहिलाय.

गेल्या वर्षी ती दुसरी सकाळ आलीच नाही. स्क्रू तसेच राहिले.

मी नोकरीला दौंडला. सुट्टीला घरी गेले की गाडी चालू करायची. ती लगेच मोठ्यानं घुमायला लागायची, मिरवणुकीत असल्यासारखी. आई हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन बसायची. आणि जाळीचं फाटक दिवसरात्र सताड उघडं.
"लावू नको गं. मिरवणूक यायचीय अजून."
ती हे साध्या आवाजात म्हणायची.

दौंडचे मेस्त्री येऊन बघून गेले. "ताई, लई पेट्रोल पितीया. प्लग काळंकुट्ट झाल्यात. असंच ठिवलं तर इंजिन जाईल. स्क्रू फिरवू का?"

आईनं त्यांचा हात धरला. "न्हाई. त्यांचा हात हाय त्याच्यावर."

मेस्त्रींनी प्लग पुसून परत बसवले. मलाही तो आवाज हवाच होता. इंजिन वाचवायचं तर आप्पांनी शेवटचं फिरवलेलं पुसायचं, आणि ते ठेवायचं तर त्यांची गाडी आपल्याच डोळ्यांदेखत मारायची.

काल गाडी मी चालवली. ट्यूनिंग करायची गरजच नव्हती, ते वर्षभर होतंच.

सीटला आप्पांच्या पाठीचा खळगा पडलाय, त्यात मी बसले. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. दोन्ही पाय खाली टेकवले.
गाडी चालत राहिली.
पुढे पोरं नाचत होती, बायका ओवाळत होत्या आणि मी नुसती स्टिअरिंग धरून. शाळेच्या वळणावर तर स्टिअरिंगसुद्धा मीच वळवलं का, खरंच आठवत नाही. मी भित्री नाही हो. पण आरशात बघायचं धाडस झालं नाही.

एकदाही बंद पडली नाही.

आज सकाळी आई स्वतः स्क्रूड्रायव्हर पदरानं पुसत अंगणात आली.
"फिरव."
"आई, नक्की?"
"व्हय. वरीस झालं चालत्यात. दमलं असतील."

गाडी चालू केली, बॉनेट उघडलं. आधी हवेचा फिरवला, मग पेट्रोलचा. आवाज खाली खाली येत गेला आणि एका जागी शांत झाला.

ओट्यावरून आईनं विचारलं, "आली का मिरवणूक घरी?"

या प्रश्नाला मी आयुष्यात कधी उत्तर दिलं नव्हतं. ते काम माझं नव्हतंच.

"आली," म्हटलं.

आई उठली. जाऊन फाटक लावलं. मग चहा ठेवला.

झोपा आता, आप्पा.
जय भीम.