भोकरेताईंचा निरोगी माणूस

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कतारमध्ये, दोह्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत आतड्याच्या सुजेवर संशोधन चालायचं, आणि तिथला ‘निरोगी माणूस’ मी होतो. तोच आजार मला पुण्यात असल्यापासून होता.

रुग्णांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी रक्त लागतं. बाहेरची माणसं कोण शोधणार? लॅबवालेच बाही वर करायचे. रक्त काढायच्या डॉ. सुमन भोकरे, सांगलीच्या. सुई टोचताना माणसाला डिवचायचं, म्हणजे तो दुखायचं विसरतो, हे त्यांचं शास्त्र. “सरळ बस की लेका, मुंज आहे होय तुझी? काही आजारबिजार?”

“छे, ताई!”

कॉन्ट्रॅक्ट वाढायचं होतं. शिवाय हा आजार सांगायचा म्हणजे संडासाच्या फेऱ्या सांगायच्या. आतड्यांवर दिवसभर बोलणाऱ्या लोकांत मला स्वतःच्या आतड्याची लाज वाटायची.

खोटं टिकवायला मी ठेचा खायचो. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मदिनत खलीफा भागातल्या ताईंच्या घरी जेवण असे. त्या वाढत, मी घाम पुसत ‘आणखी’ म्हणे, आणि उरलेला वीकेंड बाथरूममध्ये काढे. “बघा, याला म्हणतात पचन,” त्या पाहुण्यांना सांगत.

ताईंचा दावा असा, की रक्तातल्या एका जातीच्या रक्षक पेशी बिथरतात आणि आपल्याच आतड्यावर तुटून पडतात. “चोर गावातच नाही, आणि पोलीस घरच्यांनाच बडवतोय,” असं त्या कुठल्याही परिषदेत बिनदिक्कत सांगत, इंग्रजीत. त्या पेशी रुग्णांत भरपूर सापडल्या, निरोग्यांत जवळपास नाहीत. फक्त माझ्यात भरपूर.

लॅबप्रमुख फार गोड माणूस. नको ते कामसुद्धा खजुराबरोबर बशीतून पुढे करायचे. म्हणाले, “सुमन, हा एक नमुना वगळ. खलास.”

ताईंनी इंग्रजीत ठाम नकार दिला आणि मराठीत माझ्याकडे वळल्या. “आवडला नाही म्हणून वगळू? जिवंत माणूस बसलाय समोर. माझ्या हातचा ठेचा खातो. याला आजारी म्हणू?”

मी हसलो. त्या वेळी एवढंच जमलं.

त्यांनी पुन्हा रक्त घेतलं, मी पुन्हा दंड पुढे केला. पुन्हा तेच. अखेर त्यांनी स्वतःच लिहून दिलं, की निरोगी माणसातही या पेशी आढळतात, सबब आपला दावा टिकत नाही. प्रमुखांनी हळहळून दुसरी बशी पुढे केली: ताईंचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. माझं वाढलं.

परत निघताना विमानतळावर ताईंनी ठेच्याची बरणी माझ्या हातात दिली. “सांभाळ रे आतडं. असलं दुर्मिळ असतंय.”

आता त्या सांगलीत पोरांना जीवशास्त्र शिकवतात आणि अधूनमधून फोन करतात. परवाच म्हणाल्या, “तुझ्या त्या पेशींचं कोडं काही सुटंना बघ. माझं डोकंच कमी पडलं असणार.”

“असेल, ताई,” मी म्हणालो. ‘असेल’ म्हणालो!

त्यांचं डोकं कमी पडलं नव्हतं. त्यांचा दावा मी पाडला. हे एक वाक्य मी त्यांना देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.