मोजणीवाल्या बाई

तळेगावच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढते. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या फोटोग्राफर मंडळींनी युद्ध या विषयावर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. सीमेवर जाणं आमच्यापैकी कुणालाच जमणारं नव्हतं. मी म्हटलं, आपल्या मावळातच अशा जागा शोधू, की बघणाऱ्याला वाटावं इथून लढाई गेली आहे. माझी लोणावळ्याची मैत्रीण, कॉलेजात इतिहास शिकवणारी, लगेच तयार झाली. तिची स्कूटर, माझा कॅमेरा.

पहिला रविवार तुंगार्लीत गेला. तळ्याच्या वरच्या अंगाला एक बंद बंगला होता, काचा फुटलेला, जिन्यात झाड उगवलेला. फाटकातून जेमतेम डोकावलो तर मागून वॉचमन आला.

"कोणाला विचारून फोटो काढताय?"

मी प्रदर्शनाचं सांगितलं. त्यानं मोबाईल काढला आणि आमच्या स्कूटरच्या नंबरप्लेटचा फोटो घेतला. आम्ही वळणाआड होईपर्यंत तो फाटकातच उभा होता.

पुढच्या रविवारी टाकवे बुद्रुकला, एका पाडलेल्या शेडजवळ. भिंतीतून गज बाहेर आलेले, खाली विटांचा ढीग. मी चार फोटो काढले असतील, तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक मावशी थांबल्या.

"मोजनी हाय का?"

"नाही हो मावशी, नुसते फोटो."

"न्हाई म्हननारेच मोजून जात्यात," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

मला हसू आलं, पण मैत्रिणीला आलं नाही. ती म्हणाली, "इथं कागद आणि कॅमेरा घेऊन येणारा माणूस जमिनीसाठीच येतो. त्यांनी दुसरं काय समजायचं?" त्यानंतर मलाही शेजारून जाणारी प्रत्येक मोटारसायकल आमच्यासाठीच हळू झाल्यासारखी वाटायला लागली.

मनासारखी जागा शेवटी वडिवळ्यात सापडली. भाताची कापणी होऊन गेली होती, खाचरं कोरडी पडली होती. बांधाला लागून एक घर होतं. छप्पर नाही, भिंती धुरानं काळ्या, आणि खिडकीच्या भोकातून थेट धरणाचं पाणी दिसत होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागून आवाज आला, "खाली घ्या ते."

सत्तरीचे एक आबा होते. अंगात बंडी, हातात काठी. आम्ही कोण, कुठल्या, कुणी पाठवलं, हे त्यांनी मला विचारलं आणि मग तेच सगळं मैत्रिणीला बाजूला नेऊन पुन्हा विचारलं. उत्तरं जुळतात का बघत होते. मग म्हणाले, "लढाईचे फोटू? हितं कुटं लढाई झाली? पेंढा पेटला आन घर गेलं. तीन वर्सं झाली."

ते आणि त्यांची बायको आता रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत राहत होते. जळकं घर तसंच ठेवलं होतं, कारण ते पाडलं तर मोकळी जागा बघून गिऱ्हाईकं येतील अशी त्यांना धास्ती होती. बऱ्याच वेळानं ते तयार झाले, पण एका अटीवर. "गावाचं नाव कुटं टाकायचं न्हाई. शबूद द्या."

मी शब्द दिला. इथंही मी गावाचं नाव बदलूनच लिहिते आहे.

तीन आठवड्यांनी सकाळच्या उन्हात पक्के फोटो काढायला आम्ही परत गेलो, तर आबा बांधावरच बसले होते. उठले नाहीत.

"आल्या का मोजनीवाल्या बाई? या. तुमचा मानूस येऊन गेला."

"माझा कुठला माणूस आबा?"

"ज्याच्या फोनात तुमचा फोटू हाय त्यो. खिडकीतनं पानी दिसतंय, तोच. खाली गावाचं नाव लिवलंय. म्हनला, बंगल्याला लय भारी जागा हाय."

तो फोटो मी आमच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला होता, पण गावाचं नाव लिहिलं नव्हतं. नाव फक्त मला आणि मैत्रिणीला माहीत होतं. तिचा दीर लोणावळ्यात प्लॉटचे व्यवहार करतो. परत येताना मी स्कूटरवर तिच्या मागे बसले होते आणि तिच्या पाठीकडे बघत हाच हिशोब जुळवत होते. कामशेतला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलंच, "तू घरी कुणाला दाखवला होतास का?"

तिनं कप खाली ठेवला. "सरळ विचार ना, दिराला दिलास का म्हणून."

मी चहाचे पैसे दिले. तिनं मला तळेगावला दारात सोडलं आणि गाडी बंद न करताच वळवली.

आठ-दहा दिवस आमचं बोलणं नव्हतं. मी ग्रुपमधल्या एकेकाला फोन केला. सगळ्यांनी कानावर हात ठेवले आणि मला कुणाचंच खरं वाटेना. मग एका संध्याकाळी प्रदर्शनाच्या फ्रेमवाल्याला मापं कळवायला त्याचं व्हॉट्सॲप उघडलं. वरती मीच पाठवलेला तो फोटो होता. कुठला फोटो कुठला, याचा घोळ होऊ नये म्हणून प्रत्येकाखाली मी जागा लिहिली होती: वडिवळे, धरणाच्या बाजूला. दुकानात विचारलं तर तो मोकळेपणानं म्हणाला, "मॅडम, एका ओळखीच्या माणसाला आवडला, म्हणून पाठवला. काय झालं?"

मी आधी मैत्रिणीच्या घरी गेले. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." आत ये म्हणाली नाही.

वडिवळ्याला एकटीच गेले. आबांना सगळं सांगितलं आणि त्यांच्यासमोर कॅमेऱ्यातला आणि मोबाईलमधला तो फोटो पुसला. त्यांनी विचारलं, "आजून कुनाकुनाकडं हाय?"

"माहीत नाही आबा."

"मग ह्यो पुसून काय उपेग?"

प्रदर्शनात मी टाकव्याची भिंत लावली, ते घर लावलं नाही. फोटो दाखवणारा तो जमिनीचा एजंट त्यानंतरही दोनदा येऊन गेला. आबांनी जमीन दिली नाही, बांधाला तारेचं कुंपण घातलं. मैत्रीण प्रदर्शनाला आली, सगळं बघून गेली. आता आम्ही बोलतो, पण स्कूटरवर एकत्र गेलेलो नाही.

वडिवळ्याला मी अधूनमधून जाते. आबांची बायको चहाला बसवते. मी बसले की आबा हात पुढे करतात, मी मोबाईल काढून देते, आणि उठेपर्यंत तो त्यांच्या बंडीच्या खिशात असतो.