एकाच आईचे दोन जबाब

मी परिवीक्षा अधिकारी. गुन्हेगाराच्या घरची चौकशी करून कोर्टाला अहवाल द्यायचा, हे माझं काम. खालच्या कोर्टानं फाशी दिली तरी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय ती देता येत नाही. तिथे गुन्ह्याची क्रूरता पाहतातच, पण माणूस कसा घडला, सुधारेल का, हेही विचारतात.

दोघांचा जीव घेतलेल्या एकाच्या आईकडे गेलो होतो, हिंगणीच्या पुढे. साहेब येणार म्हणून बाईनं मुलगी पाहायला पाहुणे यावेत तशी तयारी केलेली. सारवलेलं अंगण, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, पोह्यांची स्टीलची ताटली. ताटलीवर नाव मात्र दुसऱ्याच कुणाचं कोरलेलं. मी ते वाचलं आणि पोहे खाल्ले.

"लहानपणी कसा होता?"

"काईच कमी पडू देलं नाई त्याले. बाप लय सीधा मानूस. कधी हात नाई उचलला."

घराची अब्रू झाकत होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण ऊन चढत होतं, एस.टी. गाठायची होती. लिहिलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला.

उठलो तशी म्हणाली, "चांगल्या घरचा हाय म्हनून सोडतीन ना जी फाशीतून?"

मला स्वतःचाच संताप आला. "बाई, उलटं आहे. हाल सोसले असतील तर कोर्ट विचार करतं. सगळं मिळूनही खून केला म्हटल्यावर दया कशी येईल?"

 मग ती खरं सांगत गेली. बाप दारू पिऊन पोराला गोठ्यात दाव्यानं बांधायचा, दोन-दोन दिवस उपाशी ठेवायचा. "मी सोडवाले गेली का मलेबी बांधे. हे का सायबाले सांगाची गोष्ट हाय?"

मी दुसरं पान लिहिलं, दुसरा अंगठा घेतला.

सुनावणीत सरकारी वकिलांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. एकाच दिवशी दोन जबाब, म्हणजे दुसरा पढवलेला, असं म्हणाले.  उसन्या ताटलीवरचं नाव वाचलं तेव्हाच पेन खाली ठेवायला हवं होतं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते. निकाल राखून ठेवलाय.

शेजारणीच्या मोबाइलवरून तिचा फोन येतो. दर वेळी एकच विचारते.

"साहेब, कोनतं पान खरं धरलं जी त्याईनं?"