आईच्या समुद्रावरचा खटला

अन्याय माझ्या आईवर झाला. मार्गशीर्षातल्या एका रविवारी, सकाळचा चहा होऊन गेल्यावर आणि दुपारचा भात चुलीवर चढण्याआधी, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरातल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत झाला. आरोप करणारे माझे बाबा. पंच म्हणजे रोज आमच्या सिगडीभोवती पत्ते कुटणारे त्यांचे दोस्त. आरोप असा, की आईने आपल्या हाताने समुद्र नासवला.

समुद्र खरोखरचा होता. आई भंडाऱ्याकडची, तळ्यांपलीकडे तिने पाणी पाहिलेलं नव्हतं. माझा मामा रेल्वेत. त्याची बदली समुद्राकाठच्या वाल्टेरच्या लाईनीवर झाली, आणि बहिणीला समुद्र दाखवायला नेता येत नाही म्हणून त्याने समुद्रच तिच्याकडे आणला. काचेची पेटी, डबे भरभरून खारं पाणी, दोन पट्टेवाले मासे, शंखात राहणारा एक खेकडा आणि दगडाला चिकटलेलं समुद्रफूल. फूल म्हणायचं, पण तो जिवंत प्राणी. खूश असला की पाकळ्या हलवतो, नाराज झाला की मूठ आवळतो. आई दिवसातून कितीदा तरी वाटीने पेटीतलं पाणी उचलायची आणि वरून धार सोडायची, माशांना हवा मिळावी म्हणून. पाहायला आलेल्या बायांना ती ऐटीत सांगायची, "हात नका लावू बाई, समुद्र आहे."

थंडी पडली आणि फूल मिटलं. मासे वर येऊन तोंड वासायला लागले.

"भांडे घासायच्या सोड्याच्या हातानं पाणी घुसळून राहिली तू," बाबा म्हणाले. "जीव मरून राहिले, दिसत नाही का तुले?"

"मी हात राखीनं धुते जी. सोडा कायचा?"

"वयनी, नजर लागली त्या फुलाले," एक दोस्त पत्ता टाकत म्हणाला. "मिरच्या उतरवा."

"मिरच्या नको अन् काही नको. उद्या हिचा भाऊ येते, त्याले वापस देऊन टाकू. रोज सकाळी सगळ्यायचं डोकं धरते या पाण्याच्या वासानं."

आई पदराने पेटीची काच पुसत राहिली. ते मला सहन झालं नाही. मी तेव्हा कॅम्प-१ या मजूरवस्तीत नळ यावेत म्हणून पत्रकं लिहीत होते, आणि पत्रक लिहिणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच असतो. तो मी विचारला.

"पुरावा कुठंय?"

"आली पुढारीण!" बाबा म्हणाले. पण पत्ते थांबले.

शेजारच्या क्वार्टरमधले बंगाली भाईसाहब कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचे. मी त्यांना हाताला धरूनच आणलं म्हणा ना. त्यांच्याजवळ औषधाची एक कुपी होती. तिचे थेंब चांगल्या समुद्राच्या पाण्यात टाकले तर रंग गुलाबी येतो, पाणी आंबट झालं असेल तर पिवळट, असं त्यांनी आधी सगळ्यांना समजावलं. मामाने ठेवलेल्या राखीव डब्यातलं पाणी गुलाबी झालं. पेटीतलं झालं नारिंगी, पिवळ्याकडे झुकलेलं.

"पाहा! आंबट झालं!" बाबा जिंकल्यासारखे ओरडले.

"लेकिन भाईसाहब, सोडे से तो और गुलाबी होता," बंगाली भाईसाहब बाबांना शांतपणे म्हणाले. "भाभीजी का हाथ नहीं है इसमें."

आरोप तिथेच कोसळायला हवा होता. पण पुरुषांचे आरोप इतक्या सहज कोसळत नाहीत. "मंग चुना टाका," कुणीतरी म्हणालं. टाकला असता तर रंग घटकाभर सुधारला असता आणि खरा गुन्हेगार सुटला असता. म्हणून भाईसाहबांनी एक सोपी परीक्षा सुचवली. पेटीतलं पाणी दोन जागी घ्या. मी माझं अंगणात नेलं आणि चहा गार करतात तसं या पेल्यातून त्या पेल्यात ओतत बसले. बाबांनी तेच सिगडीशेजारी बसून केलं. मागे कसे राहतील? पुरेसं ओतून झाल्यावर थेंब टाकले. माझं पाणी गुलाबी. बाबांचं नारिंगीच.

पाणी तेच, ओतणं तेच, फरक फक्त हवेचा. पेटलेल्या सिगडीची आणि खोलीभर माणसांच्या श्वासांची कोंदट हवा पाण्यात विरघळून पाणी आंबट करत होती. बिचारी आई वाटीने धार सोडून पाण्यात हीच हवा मिसळत होती.

मग सगळ्यांच्या नजरा खिडक्यांकडे गेल्या. बाबा कारखान्यात कोक भट्टीवर, जिथे कोळसा हवाबंद भाजतात. भट्टीची दारं मातीने लिंपून त्यांच्या फटी बंद करणं हेच त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. थंडी सुरू होताच त्यांनी त्याच हाताने घराच्या खिडक्या लिंपल्या होत्या. एक फट सोडली नव्हती.

"अबे, तू तं घराचीच भट्टी केली बे!" तोच मिरच्यावाला दोस्त हातातले पत्ते फेकून ओरडला. "आमाले काय कोळसा समजला का? म्हणून रोज डोकं धरून राहिलं होतं!"

खोली हसून फुटली. बाबाही हसले, जरा उशिराने. खुरपं घेऊन उठले आणि आपलीच माती खरवडू लागले. सिगडी अंगणात गेली. पत्त्यांचा डावही घोंगड्या पांघरून तिच्यामागे निघाला, पण आई दारात उभी राहिली.

"ज्यायच्या पुढं बोलले, त्यायच्या पुढंच माघार घ्या जी."

बाबांनी खुरप्याकडे पाहिलं, दोस्तांकडे पाहिलं. "माही चूक होती," ते म्हणाले. "पेटी इथंच राहीन."

दुसऱ्या दिवशी खिडकीतून ऊन पेटीवर आलं तेव्हा फूल पूर्ण उघडलं होतं. आई गल्लीभर हाका मारत फिरली. मामा आला तो नवे डबे घेऊनच, आणि बायांच्या गर्दीत त्यालाच आत यायला जागा मिळेना.

मी हसते, पण माझा राग गेलेला नाही. डोकी आमची दुखत होती, गुदमरत आम्हीच होतो, आणि ठपका मात्र भांडी घासणाऱ्या हातांवर ठेवला गेला. तुमच्या बंद खोलीत आत्ता सिगडी पेटलेली असेल तर हे वाचन थांबवा. उठा. सिगडी बाहेर न्या, खिडकी उघडा, आणि घरातल्या ज्या बाईवर तुम्ही पुराव्याशिवाय बोट रोखलं असेल, तिची सगळ्यांसमोर माफी मागा.